राजाची अडीच घरं

"तुझ्या बापाला बोलाव आत."

सर असं म्हणाले तेव्हा मी दहा वर्षांची होते. यवतमाळातल्या एका मंगल कार्यालयात अकरा वर्षांखालच्या पोरापोरींची जिल्ह्याची बुद्धिबळ स्पर्धा चालली होती. माझा तिसरा डाव. पहिले दोन मी जिंकले होते. समोर माझ्याच वयाचा एक पोरगा, पांढरेशुभ्र मोजे घातलेला. सर पंच होते. शहरात त्यांचा बुद्धिबळाचा क्लास होता. तो पोरगा त्याच क्लासातला, आणि हॉलमधली अर्धीअधिक पोरं त्याच क्लासाचे निळे टीशर्ट घालून बसलेली.

मी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला होता. एवढीच माझी चूक.

आमच्या गावात असंच खेळतात. राळेगाव तालुक्यातलं गाव, त्यातला बौद्धपुरा, आणि पुऱ्यात विहारासमोर निंबाचा पार. संध्याकाळी पारावर पट मांडला जायचा. तिथला नियम असा, की राजाला जोवर एकदाही शह बसलेला नाही, तोवर डावात एकदा त्याला घोड्याची उडी घेता येते. ती कधी घ्यायची यातच सगळी अक्कल. माझा बाप त्यात वस्ताद होता. आजूबाजूच्या गावांतली माणसं सायकली दामटत त्याच्याशी खेळायला यायची. दिवसभर जिनिंगात कापसाच्या गाठी ओढणारा माणूस पारावर बसला की शाळेचे मास्तरसुद्धा त्याच्यासमोर दहादा विचार करून मोहरा उचलायचे. मी सहा वर्षांची असताना त्याने मला मांडीवर घेऊन ती उडी शिकवली. घाई करायची नाही, सांगायचा. राजा सापडला असं सगळ्यांना वाटलं पाहिजे, मग काढायची.

मी तशीच काढली. त्या पोराचा वजीर आणि हत्ती माझ्या राजाच्या अंगावर आले होते. पुढच्या खेळीला मात होती, पण शह अजून बसला नव्हता. मी राजा उचलला, अडीच घरं नेला आणि घड्याळ दाबलं. मला वाटलं आता हा रडणार. तो हसला, आणि हात वर करून त्याने सरांना बोलावलं.

सरांनी पट पाहिला. घड्याळ थांबवलं आणि माझ्या गुणांच्या कागदावर शून्य लिहून टाकलं. डाव गेला तुझा, म्हणाले. मग विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. मी म्हटलं, बाबांनी. त्यावर ते वाक्य.

बाप बाहेर खांबाला टेकून उभा होता. त्या दिवसासाठी त्याने जिनिंगात खाडा केला होता. शर्ट आदल्या दिवशी धुतलेला, पण केसांत कापसाचे धागे राहिलेलेच. आत बोलावलंय म्हटल्यावर तो खुश झाला. पोरगी जिंकली असं वाटलं त्याला. चपला दारापाशी काढून, शर्ट सारखा करत आत आला आणि हात जोडून उभा राहिला. सरांनी गाव विचारलं. नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. बापाने सांगितलं.

"अच्छा," सर म्हणाले.

मग त्यांनी टाळी वाजवून सगळ्या पोरांना गोळा केलं आणि बापाला म्हणाले, "दाखवा बरं, कसा उडतो तुमचा राजा."

आणि माझ्या बापाला वाटलं, साहेबांना खरंच समजून घ्यायचं आहे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने राजा दोन बोटांत अलगद उचलला आणि नीट, सावकाश समजावून सांगायला लागला. "असा पाहा जी. शह बसाच्या आंधी, एकदाच. मंग राजा मोकळा."

सगळा हॉल हसला. दारात उभे असलेले आईबाप हसले. माझ्यासमोरचा पोरगा तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं, रागावले पोरांवर. ते म्हणाले, हसू नका, याला पारावरचं बुद्धिबळ म्हणतात. मग बापाकडे वळले.

"इथे सवलत नसते, भाऊ. इथे डोकं लागतं."

बापसुद्धा हसला. हात जोडलेलेच होते. "चुकलं जी," म्हणाला, आणि उलट्या पावलांनी बाहेर गेला.

आता ऐका. त्याच डावात त्या पोराने एका खेळीत दोन मोहरे हलवले होते. राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती उचलून त्याच्या पलीकडे आणून ठेवला. आमच्या पारावर कोणी असं केलं असतं तर लोकांनी पट उधळून दिला असता. मी हसले नाही. मला वाटलं, शहरात असं खेळत असतील. पुढे कळलं, त्याला कॅसलिंग म्हणतात आणि तो रीतसर नियम आहे. असू दे. तिथे त्यांचा नियम चालतो, आमच्या पारावरचा चालत नाही, हे सरांना मला एका वाक्यात सांगता आलं असतं. दहा वर्षांच्या पोरीला तेवढं समजतं. त्यासाठी तिच्या बापाचं आडनाव लागत नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. कळंबला बस थांबली तेव्हा बाप खाली उतरून गरम भजे घेऊन आला. मी हात लावला नाही. मी त्याला म्हटलं, "तुमी मले आता काही शिकवू नका. तुमाले येत नाही."

"बरं," तो म्हणाला. पुडी तशीच गुंडाळून पिशवीत ठेवली.

सरांनी त्याला जे मारलं त्याचा पुढचा फटका मी मारला. मी त्या हॉलमधल्या हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले, तेही बापाच्या शेजारच्या सीटवर बसून. त्यानंतर बाप पारावर गेला नाही. माणसं हाक मारायची, तर हा घरातूनच सांगायचा की आज अंग दुखून राह्यलं. काही दिवसांनी हाका बंद झाल्या. सरांचा राग मला आहेच. माझाही आहे, आणि तो कमी झालेला नाही.

खेळणं मात्र मी सोडलं नाही. बापाच्याच मोबाइलवर नवे नियम शिकले. कॅसलिंग शिकले, खेळ्या लिहून काढायला शिकले, घड्याळाकडे न बघता वेळ ओळखायला शिकले. राळेगावच्या शाळेत मला हरवणारं कोणी उरलं नाही. पण त्या दिवशी शून्य कोणत्या नियमाने मिळालं, हे मी चार वर्षांत एकदाही शोधलं नाही. चूक माझीच होती, माझ्या बापाची होती, याची मला पक्की खात्री होती. त्यांनी केलेल्या अपमानातलं सगळ्यात पक्कं काम हेच होतं.

नववीत असताना पंधरा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा निवड लागली. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. जिल्ह्याच्या संघात आमच्या पुऱ्यातली पोरगी कधी गेलेली नव्हती. मला जायचंच होतं. रात्री झोपेतही मला पट दिसायचा.

पुन्हा तेच मंगल कार्यालय. पहिल्या बसने आल्यामुळे बाप आणि मी फार लवकर पोचलो. निळ्या टीशर्टवाल्या मुली गाडीतून उतरल्या आणि सरांच्या मागोमाग आत गेल्या. आम्हाला सांगितलं, थांबा बाहेर, अजून उघडलं नाही. म्हणून मी दारापाशी उभी राहिले. दाराला एक लॅमिनेशन केलेला इंग्रजी कागद चिकटवलेला होता, कोपरे पिवळे पडलेला. मी तो ओळखला. चार वर्षांपूर्वीही तो तिथेच होता. त्याच्याच खाली बापाने चपला काढल्या होत्या.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून वाचायला लागले. माझं इंग्रजी शाळेतलं. एकेक शब्द जोडत गेले. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं, की खेळाडूने नियमाबाहेरची खेळी केली तर मोहरे पहिल्या जागी ठेवायचे, समोरच्याला दोन मिनिटं वाढवून द्यायची आणि डाव पुढे चालू ठेवायचा. दुसऱ्यांदा केली तर डाव गेला.

दुसऱ्यांदा.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग आणखी एकदा, बोट ठेवून. माझा डाव गेलेलाच नव्हता. राजा परत ठेवून मी दुसरी खेळी करायची होती, बस. माझ्या बापाला आत बोलवायचं कारणच नव्हतं. आणि हे त्यांच्याच दारावर लिहिलेलं होतं, त्यांनीच लावलेलं होतं, आणि आम्ही इंग्रजी वाचणार नाही याची त्यांना खात्री होती.

मी बापाला हाताला धरून आणलं आणि ओळ मराठीत करून सांगितली. तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, जाऊ दे न बाई, आता कायले, आज खेळावर ध्यान दे.

मी खेळावर ध्यान दिलं. शेवटचा डाव उरला तेव्हा मी वरच्या तिघींत होते. समोर आली ती सरांच्या क्लासातली सगळ्यात हुशार मुलगी. ती वाईट नव्हती. सकाळी माझा पेन चालत नव्हता तेव्हा तिनेच आपला जास्तीचा दिला होता. डाव माझ्याकडे झुकला होता. मी लांबून उंटाने शह दिला. तिला तो दिसलाच नाही. तिने आपला घोडा भलतीकडे नेला आणि घड्याळ दाबलं. राजा शहात तसाच.

मी घड्याळ थांबवून हात वर केला. सर आले. त्यांनी पट पाहिला आणि घोडा उचलून परत जागेवर ठेवला.

"बेटा, शह आहे तुला. बघ जरा," ते तिला म्हणाले. आवाज इतका मऊ, की मी क्षणभर ओळखलाच नाही. मग घड्याळ सुरू करून ते निघाले.

मी घड्याळ पुन्हा थांबवलं. हात वरच ठेवला.

"सर, दोन मिनिटं."

"कसली?"

"तिची खेळी चुकली. मला दोन मिनिटं वाढवून भेटतात. दारावर लिहून आहे."

ते हसले. लहानशी चूक आहे, म्हणाले, खेळ तू गुपचूप. मी खेळले नाही. उभी राहिले. त्यांनी आवाज चढवला.

"मला नियम शिकवतेस का?"

"नाही. वाचून दाखवते."

शेजारच्या पटांवरचे हात थांबले. पुढचं मी ठरवून बोलले नाही. शाळेची भाषा निघून गेली आणि घरची आली. "मी दहा वर्साची होती तवा तुमी मले पहिल्याच चुकीवर शून्य देल्लं. माह्या बाबाले इथं उभं केलं, त्यायचं आडनाव इचारलं, सगळ्या पोराईले हसवलं. तो कोणता नियम होता, सर?"

"बस खाली."

"दोन मिनिटं द्या. मंग बसतो."

दारात आईबापांची गर्दी झाली होती. त्यांतले दोघेतिघे मागे वळून दारावरचा कागद वाचायला लागले. एकाने बोट ठेवलं. सरांनी ते पाहिलं. मग कोणाकडेही न बघता त्यांनी घड्याळ उचललं आणि माझ्या बाजूला दोन मिनिटं घातली.

ती दोन मिनिटं माझ्या काही कामाला आली नाहीत, हे खरं सांगून टाकते. माझं निम्मं लक्ष दारावरच्या कागदाकडे होतं आणि जिंकलेला डाव हातचा गेला. बरोबरी झाली. ती पहिली आली, मी गुणांवर दुसरी. दुसरी म्हणजे संघात.

मी बाहेर आले तेव्हा सर बापाला बाजूला घेऊन बोलत होते. खांद्यावर हात टाकून. राज्याला जाणाऱ्या संघात शिस्त लागते, म्हणत होते, मुलीने भर सभागृहात पंचांचा अपमान केला. मी मोठ्या मनाने सोडून देतो. तिने दोन ओळींची माफी लिहून द्यावी, मी आजच नाव पाठवतो. नाही तर तिसरी आलेली मुलगी तयारच आहे. कोरा कागद त्यांनी आणलाच होता. काय लिहायचं तेही सांगितलं. मी पंचांशी उद्धटपणे वागले, माझी चूक मला कळली आहे.

बापाने कागद माझ्यासमोर धरला.

"लिहून दे न बाई. दोन ओळीनं काय होते? तुले जायाले भेटन."

त्याचा काय दोष? त्याला वाटत होतं, हात जोडून का होईना, पोरगी एकदाची पुढे जावी. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच हात जोडून पोरं पुढे ढकलली. मला ते सगळं कळत होतं आणि तरी माझ्या डोक्यात आग पडली होती.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमी 'चुकलं जी' म्हटलं. काय चुकलं होतं तुमचं?"

तो कागद माझ्याकडे आणखी सरकवत राहिला.

"सांगा न. काय चुकलं होतं?"

त्याने खाली पाहिलं, मग हॉलकडे पाहिलं. मी कागद घेतला. पायरीवर बसून, मांडीवर वही ठेवून लिहिलं. माफी लिहिली नाही. अर्ज लिहिला, शाळेत शिकवतात तसा, उजव्या कोपऱ्यात दिनांक घालून. चार वर्षांपूर्वी याच सभागृहात पहिल्याच चुकीवर माझा डाव कोणत्या नियमाने संपवण्यात आला, ते लेखी कळवावे. माझ्या वडिलांना कोणत्या नियमाने आत बोलावण्यात आले, ते कळवावे. त्यांचे आडनाव कोणत्या नियमाने विचारण्यात आले, तेही कळवावे.

मी सज्ञान नव्हते. पालकाची सही लागत होती. मी कागद बापाकडे दिला आणि मनात म्हटलं, हा आता फाडणार.

बाप सातवी शिकलेला. तो ओठ हलवत वाचतो. त्याने अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या प्रश्नापाशी थांबला, पुन्हा वाचला. सर समोरच उभे होते, घड्याळ बघत. बापाने माझ्या हातातला पेन घेतला, कागद भिंतीला लावला आणि सही केली. त्याची नेहमीची सही म्हणजे एक अक्षर आणि एक रेघ. त्या दिवशी त्याने पूर्ण नाव लिहिलं, त्याच्या बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. मग स्वतःच्या हाताने तो कागद सरांना दिला. हात जोडले नाहीत.

माझं नाव गेलं नाही. तिसरी आलेली मुलगी राज्याला गेली. शाळेने चौकशी केली तेव्हा कळवण्यात आलं की आमचं संमतीपत्र वेळेत मिळालं नाही. संमतीपत्र आमच्याकडे कोणी मागितलंच नव्हतं. पंधरा वर्षांखालच्या गटात ती माझी शेवटची संधी होती. ती गेली ती गेलीच. बाप पुन्हा पारावर जाऊन बसला असं लिहायला मला आवडलं असतं. तो बसला नाही. निंबाखाली आता पोरं मोबाइल घेऊन बसतात.

आज मी वीस वर्षांची आहे. यवतमाळला कॉलेजात शिकते. पंचाची परीक्षा दिली आणि पास झाले. नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे, इंग्रजीतून. आणि दरवर्षी जिल्हा स्पर्धेच्या दिवशी मी पंचांच्या टेबलावर तोच अर्ज नेऊन देते. दिनांक तेवढा बदलते. खाली बाप सही करतो, पूर्ण. आता माझी सही चालते, तरी तो करतो. उत्तर आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात सरांनी निरोप पाठवला. मुलगी हुशार आहे, म्हणाले, जुनं उगाळण्यात काय अर्थ आहे, यंदाच्या स्पर्धेत तिला पंच म्हणून घेतो, ते अर्जाचं तेवढं थांबवायला सांगा. निरोप आणणाऱ्याला वाटलं मी खुश होईन. त्याने पेढेच मागितले.

पंचाची खुर्ची मी घेणार आहे. ती त्यांच्या घरची नाही, मी परीक्षा देऊन मिळवली आहे. तिच्यावर बसून मी एकाही पोराचं आडनाव विचारणार नाही, आणि कोणी विचारताना दिसलं तर तिथेच घड्याळ थांबवीन. अर्जही देणार आहे. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, पंचाचं ओळखपत्र गळ्यात असताना. लेखी उत्तर येईपर्यंत देत राहणार आहे, सर त्या टेबलावर असोत की त्यांच्या जागी दुसरं कोणी असो. माझ्या बापाचं काय चुकलं होतं, हे मला त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीने पाहिजे.